पोटाचा न्याय फुप्फुसाला लागत नाही

भांगेत तुळस उगवली की लोकांना कौतुक वाटते आणि तुळशीत भांग उगवली की कुळाला बट्टा लागला असे मानतात. या दोन म्हणींच्या मधल्या जागेत गेल्या काही वर्षांत एक नवाच व्यापार येऊन बसला आहे. भांगेच्याच कुळातील, परंतु मादक अंश अत्यल्प असलेल्या 'हेम्प' या झाडापासून काही द्रव्ये काढावयाची, रसायनशाळेत त्यांचे रूप पालटावयाचे, विजेवर चालणाऱ्या पेनाएवढ्या उपकरणात ती भरावयाची आणि 'ही तर शुद्ध वनस्पती' असे सांगून त्यांची वाफ लोकांना छातीत ओढावयास लावावयाची, असे या व्यापाराचे स्वरूप आहे. विकणाऱ्याच्या मते ही भांगेतील तुळस होय. वैद्यकाचा आजवरचा अनुभव पाहिला तर मात्र प्रकार नेमका उलट असल्याचे दिसते.

हा व्यापार सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत वाढला. मालवणच्या किनाऱ्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु हा किनारा आता पूर्वीसारखा आडबाजूचा राहिलेला नाही. कोकण रेल्वे आली, २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला, २०२३ च्या आरंभी सीमेपलीकडे मोपाचा विमानतळ उघडला. गोव्यास येणारा प्रवासी दोन दिवस काढून तारकर्ली-देवबागला येतो आणि त्याच्या पिशवीबरोबर मोठ्या शहरांतील बऱ्यावाईट चालीही येतात. वाफ ओढण्याच्या उपकरणांवर देशात २०१९ पासून बंदी आहे. तरीही ती चोरून आणली व विकली जातात, हे जप्तीच्या बातम्यांवरून वारंवार दिसते. तेव्हा विंचू बिऱ्हाडी येण्याची वाट न पाहता त्याची नांगी कोठे असते हे समजून घेणे शहाणपणाचे ठरेल.

नावाचा घोटाळा

पहिला घोटाळा नावापासूनच सुरू होतो. 'हेम्प' हे नाव इंग्रजीने अनेक धाग्यांना दिले आहे. आपला ताग हा त्यांचा 'सन हेम्प' आणि आपली अंबाडी हा त्यांचा 'डेक्कन हेम्प'. नायलॉन येण्यापूर्वी या किनाऱ्यावर सुताच्या आणि तागाच्या दोऱ्याची जाळी विणली जात. अंबाडीची भाजी तर घाटावरच्या घराघरांत शिजते. या दोहोंत नशेचा लवलेश नाही. अंबाडीच्या शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस' हा शब्द आला तो केवळ तिचे पान भांगेच्या पानासारखे दिसते म्हणून. येथे ज्या हेम्पचा विचार चालला आहे तो मात्र साक्षात भांगेच्याच जातीचा आहे. फरक असेल तो अंशाचा. ज्या झाडात टीएचसी हे मादक द्रव्य अत्यल्प, ते हेम्प; ज्यात ते पुष्कळ, ते गांजाचे झाड. अमेरिकेने २०१८ च्या शेतीविषयक कायद्यात ही सीमा सुक्या वजनाच्या ०.३ टक्के अशी आखली आणि तिच्याखालील पीक अमली पदार्थांच्या यादीतून काढून टाकले.

धागा, बी, तेल यांसाठी शेतकऱ्यास मोकळीक मिळावी हा त्यामागील हेतू होता. परंतु कायद्याने आकडा घातला तो डेल्टा-९ या एकाच प्रकारच्या टीएचसीला. व्यापाऱ्यांनी ही फट तत्काळ हेरली. हेम्पमध्ये सीबीडी नावाचे, नशा न आणणारे द्रव्य विपुल असते. त्यावर आम्लाची प्रक्रिया केली की डेल्टा-८ टीएचसी हे मादक द्रव्य तयार होते. झाडात ते नाममात्रच आढळते; बाटलीत येते ते बहुतेक सर्व कारखान्यात घडविलेले. पुढे त्याचेच ॲसिटेट, एचएचसी अशी भावंडे निघाली. प्रत्येकाच्या वेष्टनावर हिरवे पान आणि 'हेम्पपासून' ही अक्षरे! उसापासून साखर होते आणि दारूही होते. म्हणून दारूला कोणी उसाचा रस म्हणत नाही. येथे मात्र तसेच म्हटले गेले.

आपला एखादा वृद्ध रापणकर हे ऐकून विचारील, "ह्यो ताग नाय, ही भांगय नाय, मगे ह्यां आसा तरी काय?" याचे सरळ उत्तर असे की ते एक रासायनिक मिश्रण आहे आणि त्यात काय काय उरले आहे हे पुष्कळदा करणाऱ्यालाही ठाऊक नसते. वापरलेले आम्ल, विद्रावक, धातूंचे अंश आणि प्रक्रियेत आपोआप निर्माण झालेली अनोळखी उपद्रव्ये त्यात राहू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिला आहे. १ जानेवारी २०२१ ते २८ फेब्रुवारी २०२२ या चौदा महिन्यांत तेथील विषबाधा केंद्रांकडे डेल्टा-८ च्या २,३६२ घटनांची नोंद झाली. त्यांतील ४१ टक्के व्यक्ती अठरा वर्षांखालील होत्या.

पोट आणि फुप्फुस

परंतु द्रव्य अशुद्ध असते एवढीच तक्रार असती, तर शुद्ध माल करा म्हणजे झाले, असे म्हणता आले असते. खरी अडचण त्याहून खोल आहे. एखादी वस्तू खाण्यास निर्दोष आहे म्हणून ती तापवून छातीत ओढण्यासही निर्दोष असेल, हे गृहीतच चुकीचे आहे.

पोट हा शरीराचा मोठा सोशिक अवयव आहे. त्यात आलेल्या पदार्थाला आम्ल भेटते, पाचकरस भेटतात, आणि आतड्यातून निघालेले रक्त प्रथम यकृताच्या चौकीवरून जाते. फुप्फुसापुढे अशी चौकी नाही. त्यातील कोट्यवधी वायुकोश उलगडून पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील, आणि तेथे हवा व रक्त यांच्यामधील पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. प्राणवायू सहज आत जावा म्हणून निसर्गाने तो इतका नाजूक ठेवला. त्याच वाटेने आलेले दुसरे द्रव्यही काही क्षणांत रक्तात व तेथून मेंदूत पोचते. वाफ ओढणाऱ्याला हवी असते ती हीच त्वरा. आणि धोकाही याच त्वरेत आहे.

याची दारुण प्रचीती अमेरिकेला २०१९ साली आली. त्या उन्हाळ्यात धडधाकट तरुण खोकला, धाप, छातीत दुखणे, ताप, उलट्या अशी लक्षणे घेऊन एकामागून एक रुग्णालयात येऊ लागले. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी निम्म्यांचे वय चोवीस किंवा त्याहून कमी होते. कित्येकांना श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. या सर्वांत समान गोष्ट एकच होती; ते सारे वाफेची उपकरणे ओढीत होते, आणि बहुसंख्यांनी टीएचसीयुक्त द्रव ओढला होता. शोध घेता त्या द्रवात मिसळलेले जीवनसत्त्व ई ॲसिटेट हे मुख्य कारण असल्याचे दिसून आले. एका पाहणीत ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतून काढलेल्या द्रवाची तपासणी झाली. त्यांपैकी ४८ जणांत हे द्रव्य सापडले, आणि तुलनेसाठी घेतलेल्या ९९ निरोगी व्यक्तींपैकी एकातही ते आढळले नाही.

हे द्रव्य कोणते? जीवनसत्त्वाच्या गोळ्यांत आणि तोंडाला लावावयाच्या मलमांत जे निर्धास्तपणे वापरले जाते तेच! गोळी गिळणाऱ्याला त्याने अपाय झाला नाही. चोरट्या बाजारात टीएचसीचे तेल वाढविण्यासाठी ते मिसळले गेले आणि तापवून छातीत ओढले गेले, तेव्हा त्याने प्राण घेतले. न्यायाने बोलावयाचे तर हे द्रव बव्हंशी गांजाच्या अर्काचे होते. हेम्पच्या नव्या द्रव्यांचे ते प्रकरण नव्हते. पण उपकरण तेच, तापविण्याची रीत तीच आणि 'खाण्यात चालते, मग ओढण्यात काय बिघडले' हा भ्रमही तोच होता.

त्या प्रकरणातून निघालेला दुसरा धागा थेट हेम्पच्या द्रव्यांपर्यंत जातो. ॲसिटेट जातीची द्रव्ये तापविली असता केटीन नावाचा अतिविषारी वायू सुटू शकतो. अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली डेल्टा-८ टीएचसी, सीबीडी आणि सीबीएन या तिन्हींची ॲसिटेटे अशा उपकरणांत तापवून पाहिली, तेव्हा केटीन निर्माण होत असल्याचे त्यांना आढळले. केटीनच्या विषारीपणाची तुलना फॉस्जिनशी केली जाते. फॉस्जिन हे नाव आपल्या वाचकाला अपरिचित नसावे. पहिल्या महायुद्धात तो शस्त्र म्हणून वापरला गेला, आणि भोपाळच्या ज्या कारखान्याने १९८४ साली हजारो माणसे मारली तेथे मिथाइल आयसोसायनेट बनविण्यासाठी तोच लागत असे. पेनातून सुटणारा अंश अर्थातच अत्यल्प असतो. या दोहोंना एका मापाने मोजणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु दिवसातून दहा-वीस वेळा, महिनोन्महिने, तो अंश थेट वायुकोशांपर्यंत नेण्याची व्यवस्था माणसाने स्वतःच करून ठेवावी, हे विपरीत नव्हे काय?

शिवाय ॲसिटेट नसले म्हणजे सारे निर्धोक झाले असेही नाही. सुवास देणारी वनस्पतींतील टर्पीन द्रव्ये फार तापली तर त्यांतून बेन्झिनसारखे कर्करोगकारक पदार्थ निघतात. तापणाऱ्या तारेतून निकेल, क्रोमियम, शिसे यांचे कण वाफेत उतरतात. कुपीवर जे छापलेले असते आणि छातीत जे उतरते, त्या दोहोंच्या मध्ये ती तापलेली तार असते, हे विसरून चालणार नाही.

येथे एक आक्षेप येईल. आपल्या गोसाव्यांनी शतकानुशतके चिलीम ओढली, तिच्या धुरापेक्षा ही वाफ सौम्यच नव्हे काय? जळणाऱ्या पाल्याचा डांबरी धूर वाफेत नसतो हे खरे. परंतु एक गोष्ट दुसरीहून कमी वाईट आहे म्हणून चांगली ठरत नाही. या संदर्भात १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनचा दाखला नेहमी दिला जातो. या आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले आणि माफक सेवनाने विशेष हानी होत नाही असा निष्कर्ष काढला. पण त्याच आयोगाने अतिरेकी धूम्रपानाने श्वासनलिकेचा दाह होऊ शकतो हेही नमूद केले होते. आणि त्याने तपासले ते भांग, गांजा व चरस. आम्लात रूप पालटलेली द्रव्ये आणि विजेची तार त्या काळी अस्तित्वातही नव्हती. सव्वाशे वर्षांपूर्वीचा निवाडा या नव्या आरोपीच्या सुटकेसाठी पुढे करणे म्हणजे बापाच्या नावाची सनद दत्तकाच्या दत्तकाने मिरविण्यासारखे आहे.

श्वासावर जगणारा किनारा

मालवणच्या किनाऱ्याला या प्रश्नाची झळ अधिक लागण्याचे कारण त्याच्या उपजीविकेत आहे. येथील माणूस श्वासावर जगतो. रापण ओढणाऱ्याला दम लागतो. पाण्यात बुडी मारणाऱ्याला तो अधिकच लागतो. गेल्या काही वर्षांत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात आणि तारकर्लीला पर्यटकांना समुद्रतळ दाखविण्याचा व्यवसाय वाढला, आणि अनेक स्थानिक तरुणांनी पाणबुड्याचे काम पत्करले. या कामाचे एक निष्ठुर गणित आहे. समुद्रात दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो. तेथे फुप्फुसात भरलेली हवा वर येताना दुपटीने फुगते. निरोगी फुप्फुस ती सहज बाहेर टाकते. सुजलेल्या किंवा व्रण पडलेल्या फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात ती अडकून राहिली, तर फुप्फुस फाटण्याचा धोका असतो. ज्या तरुणाच्या हाती पर्यटकाचाही जीव सोपविलेला असतो, त्याने सायंकाळी कोणा पाहुण्याने देऊ केलेली वाफ 'एकदा ओढून पाहू' म्हणून ओढावी, ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. शिवाय टीएचसीने नाडी जलद होते, निर्णयशक्ती मंदावते आणि हालचालींतील ताळमेळ बिघडतो. या तिन्ही गोष्टींना समुद्र क्षमा करीत नाही.

दुसरी अडचण निदानाची. समजा, श्रावणात एखादा विशीतला मुलगा ताप, खोकला आणि धाप घेऊन मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात आला. सिंधुदुर्गातील डॉक्टर प्रथम कशाचा विचार करील? लेप्टोस्पायरोसिसचा, न्यूमोनियाचा, डेंग्यूचा. आणि मुलगा दोडामार्गच्या बाजूचा असला तर माकडतापाचाही. या जिल्ह्याचा अनुभव पाहता हा विचार बरोबरच आहे. परंतु वाफेने होणाऱ्या फुप्फुसविकाराची लक्षणे याच रोगांशी मिळतीजुळती असतात, आणि त्याचे निश्चित निदान करणारी एकही स्वतंत्र तपासणी नाही. इतर रोग एकेक करून वगळावयाचे आणि गेल्या नव्वद दिवसांत रुग्णाने वाफ ओढली होती काय हे विचारावयाचे, हीच अमेरिकेतील डॉक्टरांनी ठरविलेली रीत आहे. म्हणजे या रोगाची गुरुकिल्ली रुग्णाच्या तोंडात असते. त्याने ते सांगितले नाही, किंवा डॉक्टरने विचारलेच नाही, तर मोलाचे दिवस निघून जातात. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तरीही प्रकृती फार ढासळलेल्या रुग्णाला घेऊन बांबोळीची वाट धरावी लागते हे जिल्ह्यातील प्रत्येक कुटुंब जाणते. सुमारे शंभर किलोमीटरचा तो प्रवास धापा टाकणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या आईबापांना किती लांबचा वाटतो, हे वेगळे सांगावयास नको.

कायदा आणि लपवाछपवी

कायद्याच्या दृष्टीने पाहता आपल्याकडे अमेरिकेसारखी फट नाही. २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्याची व्याख्या व्यापक आहे. कोणताही पदार्थ, त्यात निकोटिन असो वा नसो, तापवून ओढण्याजोगे तुषार निर्माण करणारे विद्युत उपकरण तीत येते. अशा मालाची आयात, विक्री वा जाहिरात करणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मादक द्रव्याबाबत १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आहेच. नावातील आकडा बदलून पळवाट काढणाऱ्यांची वाट जगभर अरुंद होत चालली आहे. डेल्टा-८ सह टीएचसीची अनेक रूपे १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारातच नियंत्रित आहेत. एचएचसीची भर त्यात २०२५ च्या मार्चमध्ये पडली. खुद्द अमेरिकेच्या काँग्रेसने नोव्हेंबर २०२५ मध्ये ती जुनी फट बुजविणारा कायदा संमत केला आणि त्याच्या अंमलासाठी वर्षभराची मुदत ठेवली. मोठी बाजारपेठ बंद होऊ लागली की न खपलेला माल दुसरीकडे वाट शोधतो, हा व्यापाराचा जुना नियम येथेही ध्यानात ठेवावा लागेल.

याचा अर्थ हेम्पचे झाडच वाळीत टाकावे असा नव्हे. उत्तराखंडाने २०१८ पासून त्याच्या परवानाधारक लागवडीस वाट करून दिली आहे. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली त्याचे बी, तेल व पीठ यांना मादक अंशाची मर्यादा घालून अन्न म्हणून मान्यता दिली. आयुर्वेदात 'विजया' या नावाने भांगेला स्थान आहे आणि ती वैद्याच्या देखरेखीखाली द्यावयाची असते. हे सर्व मार्ग पोटाचे किंवा धाग्याचे आहेत. त्यांतील कोणताही दाखला तापलेल्या वाफेच्या समर्थनार्थ उपयोगी पडत नाही.

परंतु केवळ कायद्याच्या दंडुक्याने हा प्रश्न सुटेल असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. धाकामुळे विक्रेता लपतो हे चांगले; पण रुग्णही लपतो हे घातक. जो व्यसनी स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छितो, त्याला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे. किती पालकांना, शिक्षकांना हे ठाऊक आहे? मालवण, कुडाळ, कणकवलीच्या महाविद्यालयांत, पाणबुड्यांच्या प्रशिक्षणवर्गांत आणि मच्छीमारांच्या सोसायट्यांत हे एकदा स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे. ग्रामीण रुग्णालयापासून खाजगी दवाखान्यापर्यंत, तरुण रुग्ण धाप घेऊन आला की 'विडी-सिगारेट ओढतोस का?' या नेहमीच्या प्रश्नाला 'वाफेचे पेन ओढले होतेस का?' हा दुसरा प्रश्न जोडला गेला पाहिजे; आणि तो विचारताना आईबापांना क्षणभर बाहेर बसविले पाहिजे. याला ना इमारत लागते, ना अनुदान.

घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. मुलाच्या खिशात असे काही सापडले तर प्रथम त्याच्या छातीची चौकशी करावी. रागावण्यास पुढे पुष्कळ वेळ मिळतो. खोकला आणि धाप असेल तर त्याला ती कुपी हाती घेऊनच डॉक्टरकडे न्यावे आणि काय ओढले ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे, एवढे त्याच्याकडून करवून घ्यावे. वाफ ओढल्याचे वेळीच समजले तर डॉक्टरला उपचाराची दिशा तरी सापडते. ते समजलेच नाही, तर पावसाळ्यातील आणखी एक न्यूमोनिया म्हणून केसपेपरवर नोंद होते, आणि बांबोळीच्या वाटेवर आणखी एक रुग्णवाहिका लागते.